निळ्या काठाचा वाडगा

मास्तरणीला मैत्री करण्यासाठी बारा आठवड्यांची मुदत देण्यात आली होती. मुदत देणाऱ्या कार्यालयाचे नाव 'आंतरराष्ट्रीय सहवास कक्ष' असे होते आणि त्याच्या काचेच्या दाराला आतून कडी असे. दाराबाहेरच्या फळ्यावर हसऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे लावलेली होती. ते विद्यार्थी केव्हाच आपापल्या देशी परतले होते, पण त्यांचे हसू कार्यालयीन मालमत्ता म्हणून ठेवून घेण्यात आले होते.

"तीन मित्र," खिडकीतून पिवळा अर्ज सरकवत कक्षाधिकारी बाई म्हणाल्या. "तीन वेगळ्या देशांतले. तुमच्या देशातला चालत नाही. प्रत्येकाची सही, आणि मैत्रीचं स्वरूप चाळीस शब्दांत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्ही इथे रुळला नाहीत असं धरतात. खोली जाते, पुढच्या वर्षाची जागाही जाते."

"दोन असले तर चालतील का?"

"रकाने तीन आहेत," बाई म्हणाल्या आणि खिडकी बंद झाली.

ज्या विद्यापीठाने आपल्या सगळ्या इमारतींमधल्या खुर्च्या जमिनीला ठोकून एकाच दिशेला तोंड करून बसवल्या होत्या, त्यालाच आपले विद्यार्थी एकमेकांकडे पाहत नाहीत याची काळजी लागून राहावी, हे मास्तरणीला विशेष विचित्र वाटले नाही. तिने बरेच वाचले होते. माणसांना आधी एकटे पाडायचे आणि मग त्या एकटेपणाबद्दल त्यांच्याकडूनच लेखी खुलासा मागवायचा, ही रीत किती जुनी आहे हे तिला ठाऊक होते.

मास्तरीण हे तिचे घरचे नाव. चार वर्षांची असताना तिने पाहुण्यांना पाढे चुकल्याबद्दल उभे केले होते, तेव्हापासून ते चिकटले. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता 'जुन्या प्रवासवृत्तांतांतील आतिथ्याचे नियम'. परक्या दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे की आधी नाव विचारावे, यावर तिच्याकडे सातशे टिपणे होती. मात्र ही टिपणे ज्या खोलीत होती, त्या खोलीत आठ आठवड्यांत एकही माणूस आलेला नव्हता.

अडचण एकच होती. तिला आत्याने वाढवले होते. आत्याने बत्तीस वर्षे टपाल कचेरीच्या काउंटरमागे काढली होती आणि मागायला येणाऱ्या माणसांचे चेहरे काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले होते. त्यातून तिने एक नियम काढला होता, तो असा की कुणाच्या दारात ताटकळायचे नाही आणि कुणाकडे काही मागायचे नाही. सही मागायची म्हणजे आधी मैत्री मागायची, आणि मैत्रीसाठी दार वाजवायचे. मास्तरणीचा हात दारापर्यंत जाई आणि केसांवरून फिरून परत येई.

म्हणून ती खिडकीशी बसे. दुपारी बाहेर धुके उतरे, समोरच्या इमारतीचा खालचा अर्धा भाग त्यात विरून जाई आणि वरचे मजले कुठल्याशा नदीवरून निघाल्यासारखे तरंगत राहत. अशा वेळी मास्तरीण मनातल्या मनात मैत्री करी. व्हरांड्यापलीकडे समोरच्या खोलीत भूगर्भशास्त्र शिकणारा एक उंच मुलगा राहत असे. त्याच्या खिशांत नेहमी खडे वाजत, म्हणून तिने त्याचे नाव दगडवाला ठेवले होते. त्याच्या शेजारी दातांची डॉक्टरीण. डॉक्टरीण व्हायला तिला अजून दोन वर्षे होती, पण जिन्यात कुणी हसले की तिची नजर आधी त्याच्या दाढांवर जाई. मास्तरणीच्या शेजारी वास्तुकलेचा एक विद्यार्थी, पुठ्ठ्याची घरे बांधणारा, तो मिस्त्री. या तिघांशी खिडकीपाशी तिची लांबलचक संभाषणे होत. दगडवाला त्यांत फारच मार्मिक बोले. एकदा तर त्याच्याशी तिचे भांडण झाले आणि मिटलेही. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला आणि नुसती मान हलवून गेला, तेव्हा इतके सगळे घडूनही याला काहीच कसे वाटत नाही, म्हणून तिला खरोखर वाईट वाटले.

नवव्या आठवड्यातल्या मंगळवारी व्हरांड्यातला दिवा गेला होता. मास्तरणीने दुपारी दार उघडले, तो त्या करड्या उजेडात उंबऱ्याशी एक वाडगा ठेवलेला. पांढरा, निळ्या काठाचा, वर बशी झाकलेली. बशी उचलली तर आत उकडलेले बटाटे, वर लोणी, मीठ, मिरपूड. वाफ अजून निघत होती. चिठ्ठी नव्हती. व्हरांड्यात कुणी नव्हते.

ती वाडगा घेऊन खिडकीपाशी बसली. धुक्यात पलीकडच्या छपरावर एक पक्षी बसल्यासारखे वाटत होते. तो पक्षी नव्हता, पण त्या क्षणी तिला तो पक्षी असण्याची काही हरकत नव्हती. कुणीतरी आपल्याला जेवू घातले. नाव न विचारता. तिच्या टिपणांत या प्रकाराला सर्वश्रेष्ठ स्थान होते. तिने वाडगा चाटून पुसून साफ केला आणि आत्याला फोन लावला.

"कुणी दिलं?" आत्याने विचारले.

"माहीत नाही. बहुतेक समोरच्याने. त्याच्या दाराखालून लोण्याचा वास येतो."

"वास येतो म्हणजे पत्ता झाला का? बरं, भांडं परत केलंस?"

"धुऊन ठेवलंय. आता नेऊन ठेवते."

"रिकामं?"

मास्तरणीने धुऊन ठेवलेल्या वाडग्याकडे पाहिले.

"एवढी शिकलीस ना गं. कुणाचं भांडं रिकामं परत करतात का कधी? घरात काय आहे?"

"तांदूळ आहेत. दोन कांदे. हळद."

"मग विचारतेस काय? आणि हे बघ, दिलंय त्याच्यापेक्षा कमी घालू नकोस. चार घास जास्तच."

मास्तरणीने कांदा परतला, हळद घातली, भात केला, तो वाडग्यात घुमटासारखा भरला आणि वर बशी झाकली. समोरच्या दारापुढे ठेवला. दार वाजवले नाही. वाजवले असते तर ते आभार मानून घ्यायला आल्यासारखे दिसले असते. ती चोरपावलांनी परतली आणि दाराआड उभी राहून ऐकत राहिली. थोड्या वेळाने समोरचे दार उघडले. खडे वाजले. दार बंद झाले. मास्तरणीला आयुष्यात पहिल्यांदाच, आपण लिहिलेले काहीतरी कुणीतरी वाचते आहे असे वाटले.

दगडवाल्याने बटाटे ठेवलेच नव्हते, ही गोष्ट येथेच सांगून टाकलेली बरी. पिवळा भात पाहून तो चक्रावला, पण भूक लागली होती, म्हणून जेवला. मग त्याने शास्त्रीय विचार केला. बशी वाडग्यावर तंतोतंत मध्यावर ठेवलेली होती. इतक्या नीट झाकणारा हात शस्त्रक्रियेच्या सवयीचा असणार, म्हणजे शेजारच्या डॉक्टरणीचा. आणि दगडवाल्याला आई होती. त्या आईचेही भांड्यांविषयी मत ठाम होते. अक्षांश वेगळे असले म्हणून आयांची मते बदलत नाहीत. त्याने वाडग्यात पावाचे सरळ कापलेले तुकडे आणि उकडलेली अंडी भरली आणि डॉक्टरणीच्या दारात ठेवून तो पळाला.

डॉक्टरणीने पावाच्या कडा पाहिल्या. इतकी काटकोनी कापणी या मजल्यावर एकच माणूस करू शकत होता. तिने दातांना अपाय होणार नाही असा खाऊ म्हणून नाशपाती भरल्या आणि वाडगा मिस्त्रीच्या दारात गेला. मिस्त्रीने नाशपाती खाल्ल्या आणि ठरवले की असे काही ठेवून पळून जाणारी व्यक्ती कधीच बाहेर न दिसणारी असली पाहिजे, म्हणजे शेजारची, सदैव दार बंद असणारी. त्याने बिस्किटांचा तीन मजली मनोरा बांधला.

अशा रीतीने शुक्रवारी वाडगा मास्तरणीच्या दारात परत आला.

"आत्या, त्याने परत पाठवलं."

"मग तूही परत पाठव. माणसं अशीच जोडली जातात."

"मनोरा आहे अगं. तीन मजली."

"मग तुझा चार मजली पाहिजे. आपण कुणाच्या खाली राहायचं नाही."

येथून पुढे प्रकरण हाताबाहेर गेले. प्रत्येकाच्या घरी एकेक आत्या होती, प्रत्येकीचा आग्रह एकच होता, आणि वाडगा दर फेरीला जड होत गेला. आधी त्यात मावेनासे झाले म्हणून त्याखाली ताट आले. मग ताटावर दुसरा वाडगा, मग एक पातेले. स्वयंपाकघर मजल्यावर एकच होते. पहाटे पाचला तिथे एक जण लपून शिजवी, सातला दुसरी, पायांची चाहूल लागली की शिजवणारा गॅस बंद करून फडताळाआड होई. मिस्त्रीची पुठ्ठ्याची घरे अर्धवट राहिली. दगडवाल्याचे खडे ओट्यावर सापडू लागले. डॉक्टरणीने म्हणे प्रात्यक्षिकात एका रुग्णाला, जबडा उघडा असताना, तुमच्याकडे शेवग्याच्या शेंगा कुठे मिळतात असे विचारले.

आणि मास्तरीण मार्गदर्शकांची भेट विसरली. आतिथ्यावरील दुसरे प्रकरण सादर करायचे होते, त्या तासाला ती दूध आटवत होती.

सगळ्यांत वाईट असे की मैत्री काही होईना. उलट पूर्वी जिन्यात मान तरी हलत असे. आता तीही बंद झाली. आपण नक्की कुणाच्या उपकारात आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सगळेच सगळ्यांना टाळू लागले. दुपारी मास्तरीण दार किलकिले करून पाही. धुक्याचा उजेड व्हरांड्याच्या टोकाच्या काचेतून आत झिरपत असे, नवा दिवा त्यात फिका पडे, आणि चार बंद दारांपैकी एकाशी ती झाकलेली भांड्यांची उतरंड उभी असे, एखाद्या फार सुंदर आणि फार मूक देवळासमोर ठेवल्यासारखी. पाहता पाहता तिला आपण हे पूर्वी कुठेतरी वाचले आहे असे वाटे. मग आठवे की अर्जाची मुदत आता नऊ दिवसांवर आली. मग सहा. मग तीन. पिवळ्या अर्जावरचे तिन्ही रकाने कोरेच होते.

बाराव्या आठवड्यातल्या गुरुवारी वॉर्डनबाईंची सूचना लागली. वॉर्डनबाई रुंद खांद्यांच्या, मोजके बोलणाऱ्या. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि हातात बहुधा एखादा बल्ब. सूचना अशी होती: 'व्हरांड्यातील भांड्यांमुळे रस्ता अडतो. निळ्या काठाचा वाडगा कोणाचा आहे, ते आज दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात सांगावे. अन्यथा स्वयंपाकघरास कुलूप.'

मुदत उद्याची, आणि आज ही चौकशी. बारा वाजता चौघे जण स्वयंपाकघरात चार कोपरे धरून उभे राहिले. मधल्या टेबलावर वाडगा. बोलणे ज्या भाषेत झाले ती चौघांनाही परकी होती, त्यामुळे व्याकरणाच्या बाबतीत कुणाला कुणाचा धाक नव्हता.

"कुणाचा आहे?" वॉर्डनबाईंनी विचारले.

"हिचा," दगडवाला डॉक्टरणीकडे बोट दाखवत म्हणाला. "भात हिनेच पाठवला."

"मी कुठला भात? मला तर यानं पाव दिला." तिने मिस्त्रीकडे पाहिले.

"मी आयुष्यात पाव कापलेला नाही," मिस्त्री म्हणाला. "मी पुठ्ठा कापतो. मला नाशपाती आल्या होत्या. तीन."

"पाच," डॉक्टरीण म्हणाली.

"तीनच होत्या."

"मी पाच ठेवल्या होत्या. धुऊन. मोजून."

"म्हणजे मी दोन लपवल्या असं म्हणायचंय का तुला?"

"मी काही म्हणत नाही. आकडा म्हणतोय."

"आणि माझी अंडी?" दगडवाला पुटपुटला. "किती मिळाली?"

"तीन," डॉक्टरीण म्हणाली.

"चार होती," तो म्हणाला आणि सगळे एकमेकांकडे अशा नजरेने पाहू लागले, की तीन आठवड्यांचा पाहुणचार बघता बघता फौजदारी प्रकरण झाला.

"थांबा," वॉर्डनबाई म्हणाल्या. "सगळ्यात आधी काय आलं?"

उलट्या क्रमाने शोध घेण्यात आला. मनोऱ्याच्या आधी नाशपाती, त्याआधी पाव, त्याआधी भात. आणि भात कुणाचा, या प्रश्नावर तिघांनीही माना हलवल्या. उरली एकच.

"माझा," मास्तरीण म्हणाली. आपला आवाज चारचौघांत तिला इतक्या दिवसांनी ऐकू आला की तो कुणाचा, असे क्षणभर तिलाच वाटले. "पण मी सुरुवात नाही केली. मला आधी कुणीतरी बटाटे ठेवले होते. गरम. लोणी घालून. मी फक्त वाडगा परत केला."

"कुणी ठेवले?"

दगडवाल्याने मान हलवली. डॉक्टरणीने, मिस्त्रीनेही.

"मी," वॉर्डनबाई म्हणाल्या.

मास्तरणीचा चेहरा उजळला. ज्याची ती खिडकीत बसून वाट पाहत होती तो अनाम यजमान अखेर भेटला होता. ती आभाराचे काहीतरी बोलणार, तेवढ्यात वॉर्डनबाईंनी वाक्य पुरे केले.

"ते माझं जेवण होतं."

चौघांनीही टेबलावरच्या वाडग्याकडे पाहिले.

"मी दिवा बदलायला आले होते. खालून हाक आली, बॉयलर बंद पडला म्हणून. हातात चाव्या, बल्ब, वाडगा. वाडगा खाली ठेवला, तुझं दार जवळचं म्हणून. दहा मिनिटांत वर आले तर नाही. त्या दिवशी मी उपाशी राहिले."

आतिथ्याच्या नियमांवर सातशे टिपणे असलेल्या विदुषीने एका कष्टकरी बाईचे दुपारचे जेवण तिच्या पाठीमागे खाऊन टाकले होते आणि वर तीन आठवडे त्याला संस्कृती म्हटले होते.

"तुम्ही विचारलं का नाही?" मिस्त्रीने विचारले.

"विचारणार होते. पण त्याच संध्याकाळी माझा वाडगा याच्या दारात, भरलेला. मग हिच्या. मला वाटलं, जो कोण आहे त्याला उपरती झालीय, परत करतोय, फक्त पत्ता चुकतोय. म्हटलं, बघू कधी माझ्या दारात येतो ते. तीन आठवडे वाट पाहिली. अंडं मी खाल्लं. नाशपातीही मीच. वाडगा माझाच होता, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नाही."

मग घडले ते मास्तरणीला पुढे बरेच दिवस स्वप्नासारखे आठवत राहिले. माणसाची सगळी अब्रू एकदम गेली की एक विलक्षण हलकेपणा येतो. जपण्यासारखे काही उरलेले नसते. ती त्या हलकेपणातच बोलली.

"मला एक मागायचं आहे," ती म्हणाली. हा शब्द तिने तोंडातून काढला तेव्हा दूर कुठेतरी आत्याच्या हातातला चहा नक्कीच हिंदकळला असेल. "मी चोर ठरलेच आहे, तर आता विचारून टाकते. तुम्ही तिघं माझ्या अर्जावर सह्या कराल का? उद्या शेवटचा दिवस आहे. माझ्याकडे एकही नाही."

तिने पिवळा अर्ज टेबलावर ठेवला. कुणी हसले नाही. दगडवाल्याने खिशात हात घातला, चार खडे टेबलावर काढले आणि त्यांच्याखालून एक घडी पडलेला पिवळा कागद. कोरा. डॉक्टरणीचा कागद तिच्या पुस्तकात होता. मिस्त्रीने मात्र आपला अर्ज आणायला जरा वेळ लावला, कारण त्याच्यावर तिन्ही सह्या आधीच होत्या.

"हे कोण?" डॉक्टरणीने विचारले.

"असे कुणी नाहीत," मिस्त्री म्हणाला. "मीच काढल्या. नावंही मीच ठेवली. तिसऱ्याशी तर माझं चांगलं जमतं."

दगडवाल्याकडे बघून मास्तरीण उगाचच लाजली.

खोट्या सह्या खोडून खऱ्या करण्यात आल्या. मास्तरणीच्या अर्जावर मैत्रीच्या स्वरूपाच्या रकान्यात दगडवाल्याने लिहिले: 'हिने वॉर्डनबाईंचे जेवण खाल्ले. आम्ही सर्वांनी ते परत करण्याचा प्रयत्न केला, परंतु चुकीच्या दारी.' शब्द चाळीसहून बरेच कमी भरले, पण वाढवण्यासारखे काही सापडेना. दुसऱ्या दिवशी कक्षाधिकारी बाईंनी सह्या मोजल्या, तीन आहेत असे पाहून शिक्का मारला आणि मजकूर न वाचता अर्ज मागच्या कपाटात टाकला. कपाट पिवळ्या अर्जांनी गच्च भरलेले होते. तिथे केवढ्या मैत्र्या न वाचलेल्या पडल्या आहेत, या विचाराने मास्तरणीला धुक्यातून चालत घरी येईपर्यंत सोबत केली.

पण गुरुवारची एक गोष्ट राहिली. सह्या झाल्यावर वॉर्डनबाईंनी हात पुढे केला. "आता माझा वाडगा." मास्तरणीने तो उचलला, पुसला आणि पुढे केला, आणि मध्येच तिचा हात थांबला. चौघांनीही आत पाहिले. वाडगा रिकामा होता.

"असा?" दगडवाला हळूच म्हणाला.

"असा कसा देणार," डॉक्टरीण म्हणाली.

वॉर्डनबाईंना तासभर थांबावे लागले.

शनिवारी दुपारी मास्तरणीने दार उघडले. उंबऱ्याशी निळ्या काठाचा वाडगा, वर बशी, कडेने वाफ. व्हरांड्यातला दिवा पुन्हा गेलेला. बशीला बोटही न लावता ती भिंतीला टेकून वाडग्याशेजारी राखणीला बसली. थोड्या वेळाने दगडवाला बाहेर आला, त्याने परिस्थिती ओळखली आणि तोही बसला. मग डॉक्टरीण. मग मिस्त्री, हातात पुठ्ठ्याचे अर्धे घर घेऊन. काचेतून धुके आत पाहत होते. कुणी काही बोलत नव्हते, आणि या वेळी ते न बोलणे फार बरे वाटत होते. वाफ बारीक झाली, मग थांबली.

पाऊण तासाने वॉर्डनबाई बल्ब घेऊन आल्या.

"हे काय? खाल्लं नाहीस?"

"तुमचं आहे ना," मास्तरीण म्हणाली. "कुणी घेऊ नये म्हणून बसलोय."

"माझं मी केव्हाच खाल्लं. हे तुझ्यासाठी ठेवलं होतं, गरम असताना खाशील म्हणून." त्यांनी चौघांकडे पाहिले, मान हलवली आणि शिडी लावली.

बटाटे गार झाले होते. चौघांनी ते एकाच चमच्याने, पाळीपाळीने खाल्ले. मग दिवा लागला, आणि त्या उजेडात चौघेही रिकाम्या वाडग्याकडे बघत बसले.

"घरात काय आहे?" मास्तरणीने विचारले.